१०/२२ साठी २५ गोळ्यांचं मॅगझिन: भरवशाचं कोणतं?

सातारकर_सॅनअँटोनिओ

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत रुगर कंपनीची १०/२२ ही .२२ रायफल घेतली. ग्रीनकार्ड आलं होतं, तरी दोन वर्षं विचारात गेली. कॉलेजात एनसीसीला असताना .२२ वर पाच गोळ्यांचं ग्रुपिंग मारायचो, ती ओढ मनातून कधी गेलीच नाही.

रायफलीसोबत आलेलं दहा गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) उत्तम चालतं. पण सौ. सोबत रेंजवर जायचं तर भरण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून गन शोमधून ३० गोळ्यांची दोन पारदर्शक प्लास्टिकची मॅगझिनं उचलली. स्वस्त होती. परवा शनिवारी त्यांतून शंभर गोळ्या मारल्या, चौदा वेळा जाम! गोळी आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर थांबतो आणि गोळीचं नाक चेंबरच्या (नळीत गोळी बसते त्या जागेच्या) वरच्या कडेला टेकलेलं असतं. काढून पाहिली तर शिसं एका बाजूने खरवडलेलं. दोनदा तर दोन गोळ्या एकदम आत घुसल्या. तिसऱ्या जामनंतर सौ.ने रायफल शांतपणे बाकावर ठेवली आणि पुन्हा हातात घेतली नाही. याचं मला फार वाईट वाटलं. आत्ता कुठे तिला गोडी लागत होती.

गोळ्या मोठ्या डब्यातल्या स्वस्त, ३६ ग्रेन वजनाच्या, होलो पॉइंट म्हणजे पोकळ नाकाच्या. वसंतात ॲपलसीड या नेमबाजी शिकवणाऱ्या शिबिराला दोघांचं नाव घातलंय. २५ किंवा ३० चं खरंच चालणारं मॅगझिन कोणतं? की दोष रायफलीत आहे?

सांगलीची_पेनसिल्व्हेनियात

दादा, रायफल निर्दोष आहे. दहाचं मॅगझिन त्याच गोळ्यांवर न अडखळता चालतंय, हीच त्याची परीक्षा झाली. मी बारा वर्षं आमच्या क्लबात रेंजवर मदत करते आणि १०/२२ च्या तक्रारींत पहिला हात मॅगझिनलाच घालते.

आधी कारण सांगते, म्हणजे निवड सोपी जाईल. .२२ एलआरच्या काडतुसाला बुडाशी कड असते. पेटणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन मधोमध न मारता कडेवर मारते. आता अशी काडतुसं एकावर एक रचा. बुडाकडे जाड, नाकाकडे बारीक, थप्पी आपोआप वाकते, केळ्याच्या फणीसारखी. लांब मॅगझिन वाकडं असतं ते त्यामुळे. त्यात वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की बोल्ट ढकलायला लागतो आणि खालचं त्याला धरून ठेवतं. त्याला रिम लॉक म्हणतात.

रुगरने १९६४ मध्ये ही रायफल आणली तेव्हाच यावर तोड काढली होती. दहाच्या मॅगझिनमध्ये चक्री असते आणि प्रत्येक काडतुसाला स्वतःची खाच. कडा एकमेकींना भेटतच नाहीत. त्याच्याइतकं भरवशाचं .२२ चं मॅगझिन माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

लांबच हवं तर रुगरचंच बीएक्स-२५ घ्या. त्याचे फीड लिप्स, म्हणजे तोंडाशी गोळी धरून ठेवणारे ओठ, स्टीलचे आहेत, आणि स्प्रिंग पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारख्या जोराने वर लोटते. तुमच्या स्वस्त मॅगझिनचे ओठ अंगठ्याने दाबून बघा. प्लास्टिक लवत असेल तर गोळी दर वेळी वेगळ्या कोनातून सुटणार, मग नाक चेंबरच्या कडेला आपटणारच. दोन गोळ्या एकदम सुटतात त्याही अशा ओठांतून. दोन बीएक्स-२५ उलटसुलट जोडलेली जोडी मिळते, ती मात्र घेऊ नका. एक वापरात असताना दुसऱ्याचं तोंड खाली मातीकडे असतं.

भरताना घाई नको. वरची कड खालच्याच्या पुढे बसते आहे ना, यावर नजर ठेवा. पाच-सहा गोळ्या झाल्या की मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा. आत तेल अजिबात घालू नका. .२२ च्या गोळीवर मेणाचा थर असतो, त्यात काजळी आणि तेल मिसळलं की चिकट लगदा होतो. कोरड्या फडक्याने पुसायचं, बस्स.

आता ॲपलसीडचं. तिथे लांब मॅगझिन नेऊ नका, हे कळकळीने सांगते. पालथं पडून नेम धरला की बीएक्स-२५ चं टोक जमिनीला टेकतं. माणूस नकळत त्यावर भार टाकतो, मॅगझिन खाचेत कलतं आणि जाम सुरू. शिवाय तिथली चाचणी दहाच्या हिशोबातच बसते. २५ मीटरवर ४० गोळ्या, २५० पैकी २१० गुण आले की रायफलमनचा बिल्ला. बसून मारायच्या दहा गोळ्यांना ५५ सेकंद मिळतात आणि त्या दोन मॅगझिनमधून मारायच्या, एकात दोन, दुसऱ्यात आठ. दहाची चार मॅगझिनं घेऊन जा.

आणि जाम काढताना आधी नळी समोर, मग मॅगझिन बाहेर, मग बोल्ट मागे ओढून धरा. अडकलेलं काडतूस चाकूच्या टोकाने उचकटू नका. मसाला कडेत आहे हे विसरू नका. चष्मा दोघांच्याही डोळ्यांवर हवाच.

एडिसनचा_ठाणेकर

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कायद्याचं जोडतो. टेक्सासात मॅगझिनवर मर्यादा नाही. पण आमच्या न्यू जर्सीत २०१८ पासून दहाच्या वर मनाई आहे, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही दहाच. “.२२ तर आहे” म्हणून अशा सुट्या मॅगझिनला सूट मिळत नाही. मी पेनसिल्व्हेनियात नेमबाजीला जातो, तिथे २५ चं चालतं. पण परतताना डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की डिकीतलं तेच मॅगझिन गुन्हा ठरतं. म्हणून घरात दहाचीच सहा ठेवली आहेत. रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर निघण्याआधी तिथला नियम वाचा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी एच-१बी वर असेल तर मॅगझिनच्या आधी स्वतःचं बघा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच.

सातारकर_सॅनअँटोनिओ

ताई, दादा, मनापासून आभार. एक बीएक्स-२५ आणि दहाची आणखी तीन घेतली. ओठ दाबून पाहिले, ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पारदर्शक मॅगझिनचे ओठ चक्क फाकतात. दोन्ही हातोडीने फोडून कचऱ्यात टाकली, दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून.

सगळ्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले. काल प्रत्येकातून पन्नास गोळ्या मारल्या, निम्म्या जुन्या डब्यातल्या, निम्म्या सीसीआय कंपनीच्या मिनी-मॅग, ४० ग्रेनच्या. बीएक्स-२५ एकदाही अडलं नाही. दहाच्या तीन नंबरमध्ये दोन जाम झाले, दोन्ही शेवटच्या दोन गोळ्यांवर आणि दोन्ही डब्यातल्या गोळ्यांवर. बाकी सगळी स्वच्छ.

अजून एक जाणवलं. शेवटच्या गोळीनंतर या रायफलीचा बोल्ट उघडा राहत नाही. २५ मारताना मोजणं चुकतं, मग ‘टक्’ आवाज आला की रिकामं झालं की गोळी पेटली नाही, कळत नाही. आम्ही दर वेळी नळी समोर धरून तीस सेकंद थांबलो.

सांगलीची_पेनसिल्व्हेनियात

थांबलात ते अगदी बरोबर केलंत. उशिरा पेटणारी गोळी क्वचित मिळते, पण मिळते.

तीन नंबरच्या चक्रीचा ताण कमी पडतोय असं वाटतं. भरलेल्या मॅगझिनला ओढ चांगली असते, शेवटच्या एक-दोन गोळ्यांना उरत नाही. नवीनच आहे तर खोलत बसू नका, दुकानात बदलून मागा. तोवर त्यावर काट मारा आणि शिबिराच्या पिशवीत ते ठेवू नका. वहिनी आल्या होत्या का काल?

सातारकर_सॅनअँटोनिओ

आली होती. शेवटच्या पन्नासपैकी चाळीस तिनेच मारल्या. घरी येताना गाडीत तिने तिचं कागदी टार्गेट मांडीवर धरलं होतं. आता फ्रिजवर लावलंय.