कुलपं उघडण्याचा छंद: सुरुवात रेकने करावी की हुकने?

पितळी_गाभा

छंद म्हणून कुलपं उघडायला शिकणाऱ्या नवख्याला जो तो सांगतो: रेकला (उंचवटे असलेल्या नागमोडी सळईला) हात लावू नकोस, हुक (टोकाला वाकवलेली सळई) घे आणि कुलपातली एकेक पिन उचलायला शीक. रेकिंग म्हणजे आंधळं खरवडणं, लागलं तर लागलं, असा त्यामागचा समज. मला हे साफ अमान्य आहे.

पिन-टम्बलर कुलपात प्रत्येक भोकात वर-खाली अशा दोन पिना असतात. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि गाभा, म्हणजे किल्ली जाते तो आतला दंडगोल, फिरतो. कारखान्यात ही भोकं कधीच तंतोतंत सरळ पडत नाहीत. म्हणून किल्लीच्या भोकात घातलेल्या वाकड्या टेन्शन पट्टीने गाभ्यावर हलका ताण दिला की आधी एखादीच पिन अडकते. हुकने ती शोधून उचलायची. रेकने सगळ्या पिना खालीवर हलवत राहायच्या; अडकलेली पिन आपल्या उंचीला आली की बसते आणि पुढची अडकते.

म्हणजे खरा खेळ ताणाचा. हातात हुक असला की नवखा माणूस ताण जास्त ठेवतो आणि जोर करून पिन ढकलतो, तरी त्याला वाटतं आपलं बरोबर चाललंय. रेक असं चालू देत नाही. ताण जास्त झाला की सगळं जाम होतं, कमी झाला की बसलेल्या पिना खाली पडतात. ताण देणाऱ्या डाव्या हाताला इतक्या लवकर वळण लावणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

शांत_हात

कुलूप उघडलं हे कळतं, कसं उघडलं ते कळत नाही. माझा आक्षेप तिथेच आहे. मास्टर लॉकचं ३ नंबरचं कुलूप घ्या. चार पिना, आतली मापं सैल. रेक फिरवला की उघडतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमलं. तोच माणूस अमेरिकन लॉकच्या ११०० मालिकेसमोर बसला, की त्यातल्या खाचेदार पिना त्याला दाद देत नाहीत. मग पहिली पिन कुठे अडकली हेही त्याला सांगता येत नाही, कारण एकेक पिन चाचपायची सवयच लागलेली नसते.

पितळी_गाभा

सवय रेकनेही लावता येते. कुलूप उघडलं नाही की ताण एकदम सोडू नका, अगदी हळू सोडा. बसलेल्या पिना एकेक करून पडताना टिक टिक ऐकू येते. तीन आवाज आले तर तीन पिना बसल्या होत्या. पुढच्या वेळी ताण किंचित बदला आणि पुन्हा ऐका. यात नशीब कुठे आलं?

आणि आधी किल्ली बघा. दात साधारण एका उंचीचे असतील तर रेक चालेल. एक दात खोल आणि शेजारचा उथळ असेल तर तासभर घासूनही बहुधा काही होणार नाही. इतकं वाचून रेक हातात घेणारा माणूस आंधळा कसा?

कानसवाला

आमचं किल्ल्यांचं दुकान आहे, म्हणून लिहितो. तुम्ही दोघे पिनांवर भांडताय, पण आपल्याकडची जुनी जड पितळी कुलपं बहुतेक लिव्हरची, म्हणजे आत पिनांऐवजी किल्लीने उचलल्या जाणाऱ्या सपाट पट्ट्या असलेली. गोदरेजचं नवताल घ्या, त्यावर सहा, सात, आठ लिव्हर असं लिहिलेलंच असतं. लिव्हरमध्ये हा पिनांचा रेक काही कामाचा नाही. रस्त्यावरचा चावीवालासुद्धा रेक फिरवत बसत नाही. तो कोरी किल्ली आत घालून फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या खुणा बघतो आणि कानशीने तेवढंच घासतो. ज्यांना रेक शिकायचाय त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून दाराचं सुटं सिलिंडर आणावं. व्हाइसमध्ये पकडायलाही ते सोपं.

सह्यकडा

सुटंच आणा, घराच्या दाराचं नको. रेकच्या घासण्याने पिना झिजतात, आणि वापरातलं कुलूप अडलं तर घरचे बाहेर. जर्मनीत १९९७ पासून या छंदाची रीतसर संघटना आहे. जगभरच्या छांदिष्टांत दोन नियम पक्के आहेत: परवानगीशिवाय दुसऱ्याचं कुलूप नाही, आणि वापरातलं कुलूप नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ वाचून ठेवा. सूर्यास्तानंतर घरफोडीची हत्यारं विनाकारण जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. हत्यारं घरातच बरी.

शांत_हात

कलमाचं अगदी मान्य. मूळ मुद्द्यावर येतो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपवाल्याने चब या इंग्रज कंपनीचं डिटेक्टर कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं. त्यात एखादा लिव्हर जास्त उचलला गेला की कुलूप अडकून बसायचं. मग ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कंपनीच्या कुलपावर तो १६ दिवसांत मिळून ५१ तासांवर बसला आणि २०० गिनींचं बक्षीस घेतलं. घासून हे झालं नसतं. प्रत्येक भाग हाताला कळला म्हणून झालं.

पितळी_गाभा

हॉब्जबद्दल मलाही आदर आहे, पण ती दोन्ही कुलपं पिन-टम्बलर नव्हती. अमेरिकेतल्या येलचं आजच्या धाटणीचं पिन-टम्बलर कुलूप १८६० च्या दशकातलं. रेक ज्या यंत्रणेसाठी आहे तिथेच त्याला तपासा.

स्पूल पिनांचं सांगतो. मध्ये बारीक असलेल्या या पिनांमुळे गाभा थोडा फिरतो आणि थांबतो, उघडल्याचा भास होतो. तिथवर रेक बहुतेकदा पटकन पोचवतो. मग हुक घ्यायचा, अडलेली स्पूल हलकेच उचलायची, गाभा उलटा फिरू पाहतो तेव्हा ताण जरा सैल करायचा.

नवीन_किल्ली

मी अजून काहीच घेतलेलं नाही. थोडक्या पैशांत पहिल्यांदा काय घेऊ?

शांत_हात

एक हुक, वेगवेगळ्या जाडीच्या दोन टेन्शन पट्ट्या आणि एका बाजूने कापलेलं सरावाचं कुलूप, म्हणजे पिना डोळ्यांनी दिसतील. रेक पुढच्या महिन्यात घ्या.

पितळी_गाभा

कापलेलं कुलूप आणि दोन पट्ट्या जरूर घ्या. पण हुकसोबत एक बोगोटा (गोलसर उंचवट्यांचा) रेक आत्ताच घ्या. कापलेल्या बाजूने बघत तो हळूहळू चालवा आणि ताण बदलला की कोणती पिन थांबते, कोणती पडते, ते नुसतं बघत बसा.