माशांच्या मोठ्या टाकीला संपच! (कॅनिस्टरवाल्यांनी भांडायला यावं)

ऑस्करवाला, राजारामपुरी, कोल्हापूर
6 बाय 2 बाय 2 फुटाची टाकी करतोय, काच 12 मिमी. म्हणजे पाणी 680 लिटरच्या आसपास. तीन ऑस्कर मासे, आत्ता बोटाएवढे आहेत, पण वर्षभरात वीतभर होतील. फिल्टर म्हणून दुकानदार कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डबा) घ्या म्हणतोय. माझं मत ठाम आहे, संपच करायचा, म्हणजे खाली दुसरी उघडी टाकी, तिथं पाणी गाळून पंपानं परत वर.

कारण सांगतो. जुन्या चार फुटी टाकीला कॅनिस्टर होता. पावसाळ्यात रात्री नऊला लाईट गेली ती पहाटे आली. फिल्टर आपोआप सुरू झाला, मी झोपेत. सकाळी बघतो तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत आणि हॉलभर कुजक्या अंड्याचा वास. बंद डब्यातला ऑक्सिजन संपला, आतले, पाणी साफ करणारे जिवाणू मेले आणि ती सगळी घाण टाकीत आली. त्या दिवसापासून कॅनिस्टर आपल्याला चालत नाही.

शाहूपुरीकर
भावा, चूक डब्याची नाही, तुझ्या झोपेची आहे. लाईट दोन तासांच्या वर गेली की कॅनिस्टर उघडायचा, आतलं पाणी ओतून द्यायचं, रिंगा (जिवाणू बसतात त्या) टाकीच्याच पाण्यात खळबळायच्या आणि मग सुरू करायचा.

आता तुझ्या लाडक्या संपाबद्दल. लाईट गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी पाईपमधून उलटं खाली येतं. तुझ्या टाकीत पाणी दोनच इंच उतरलं तरी 55 लिटर झालं. संपात तेवढी जागा मोकळी ठेवली नसशील तर ते फरशीवर. आमच्याकडं खालच्या मजल्यावरचे काका रात्री दोनला वर आले होते, छत गळतंय म्हणून. तेव्हापासून माझा संप कायमचा संपावर!

ऑस्करवाला
रिटर्न पाईपला (पाणी वर आणणाऱ्या) टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली छिद्र पाडायचं की. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते, सायफन तुटतो, पाणी उलटं यायचं थांबतं.

शाहूपुरीकर
आणि त्या छिद्रात शेवाळ बसलं की? माझ्या छिद्रात तेच झालं होतं.

रंकाळ्याचा बगळा
दोघंही डब्यावरून भांडताय. फिल्टर कुठलाही घ्या, त्याचं काम एवढंच: विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचा नायट्राईट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन माशाला घातक. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण तो रिंगांनी जात नाही, पाणी बदलूनच जातो. नवीन टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडं टाकी आली की संध्याकाळी मासे आत! आणि फिल्टर नळाखाली धुणारे तर घरोघरी आहेत. नळाच्या क्लोरिननं जिवाणूच साफ.

एक कबूल करतो, ऑस्करसारख्या खादाड माशाला संप बरा. मीडियाला (रिंगा, स्पंज) जागा जास्त, आणि वरच्या स्पंजातला गाळ रोज काढता येतो. कॅनिस्टर रोज कोण उघडतंय?

शाहूपुरीकर
पाणी बदला म्हणायला सोपं आहे, बगळेबुवा. 680 लिटरच्या तीस टक्के म्हणजे 200 लिटर. 2019 आणि 2021 च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, नळ कोरडे. प्यायला टँकरच्या रांगेत उभं राहायचं आणि माशाला 200 लिटर?

रंकाळ्याचा बगळा
तेव्हा खाणं बंद करायचं. मोठा धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहतो, काही होत नाही. आपणच हौसेनं दिवसातून चारदा टाकतो. खाणं कमी तर अमोनिया कमी.

ऑस्करवाला
बगळेबुवांचं खाण्याचं पटलं. पंप 40 वॅटचा बघितलाय, महिन्याला 29 युनिट. स्टँडखाली मोजलं, चार फुटी संप बसतोय. शाहूपुरीकर, तुमचं छिद्र किती खाली होतं?

शाहूपुरीकर
चार इंच. तिथंच गंडलो. तू अर्धा इंच ठेव, एकाऐवजी दोन पाड, आणि दर रविवारी काडी घालून बघ. आणि पहिल्यांदा चालू केलास की प्लग मुद्दाम काढून बघ, बादली घेऊन.