लँडमार्क म्हणजे नक्की काय?

हर्णैकर: पार्सलवाला पोरगा फोनवर पहिलं हेच विचारतो, काका लँडमार्क सांगा. मी सांगतो पिंपळाच्या पारावरून डावीकडे, चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, संपलं की आमचं बेडं, म्हणजे फाटक. पण काल पेपरात 'लँडमार्क निकाल' वाचलं, आता निकालाचा आणि पाराचा काय संबंध?

कोर्टातला: इंग्रजीत मूळ अर्थ जमिनीच्या हद्दीची खूण, आपल्याकडे हद्दीवर दगड पुरतात ना, तसलंच. मग ज्याच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं होतं अशा घटनेलाही तेच म्हणायला लागले. १९७३ चा केशवानंद भारती निकाल बघा, संसदेला राज्यघटनेची मूळ चौकट मोडता येत नाही हे त्यात ठरलं.

तांडेलाचा मुलगा: अहो मधला अर्थ राहिलाच की! समुद्रातून दिसणारी किनाऱ्यावरची ओळखीची खूण. जीपीएस नव्हतं तेव्हा आमचे बाबा हर्णैच्या कनकदुर्ग किल्ल्यावरचं दीपगृह आणि मागचा डोंगर एका रेषेत आला की सुकाणू वळवायचे, धुकं असलं की डोळे बारीक करून नुसते बघत उभे. मला तर हाच अर्थ सगळ्यात खरा वाटतो.

हर्णैकर: वा, हे माहितीच नव्हतं! दोघांचेही आभार. 'खूण' म्हटलं तरी चाललं असतं, पण पोराला 'लँडमार्क'च कळतं.