शनिवारी न्यूअर्क: कोण कसं येतंय ते सांगा

निनाद: तिकिटं झाली एकदाची. नऊ. शनिवारी संध्याकाळी ७, न्यू जर्सी डेव्हिल्सची आइस हॉकीची मॅच, प्रुडेन्शियल सेंटर अरीना, डाउनटाउन न्यूअर्क. सगळी एका रांगेत नाही मिळाली, पाच वर चार खाली, त्यावरून आता भांडू नका. कोण कसं येतंय तेवढं सांगा

वैशालीकाकू: अरे वा. आई विचारतायत आत फार थंडी असते का

निनाद: बर्फावरच खेळतात काकू. स्वेटर घ्या त्यांना

सुधीरकाका: आम्ही गाडीने. मीनल तुम्ही चौघं चार वाजेपर्यंत पार्सिपनीला या, आपली गाडी मोठी आहे, सगळे एकत्र जाऊ

मीनल: काका आम्ही आयझलिनहून वर पार्सिपनीला यायचं आणि तिथून परत खाली न्यूअर्कला, हा द्राविडी प्राणायाम कशाला. मेट्रोपार्कहून ट्रेन पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून चालत दहा मिनिटं. उलट तुम्हीच ट्रेनने या

सुधीरकाका: हॉकीला ट्रेनने कोण जातं

निनाद: निम्मं अरीना जातं काका

सुधीरकाका: मी ९८ साली आलो तेव्हापासून बघतोय. आम्ही चौघं पाचजण एकाच्या गाडीत बसून मेडोलँड्सला जायचो, उतरलं की जिकडे बघावं तिकडे पार्किंगच पार्किंग, मध्ये ते अरीना. गाडीशिवाय तिथे जायचा विचारसुद्धा कोणी करत नसे

निनाद: बरोबर आहे पण ते ईस्ट रदरफर्डला, दलदलीच्या मधोमध, चहूबाजूंनी हायवे. तिथे रेल्वे स्टेशनच २००९ ला आलं आणि तोवर डेव्हिल्स तिथून निघूनपण गेले होते. हे २००७ चं अरीना भर शहरात आहे, आजूबाजूला ऑफिसं, कोर्ट, रस्ते अरुंद. पार्किंगचा समुद्र वगैरे काही नाही, इथे एक लॉट तिथे एक डेक असं विखुरलेलं, आणि मॅचच्या दिवशी भाव वाढवून बसलेले असतात

शिल्पा: बाबा गाडी काढणारच, कशाला बोटं दुखवताय. मी न्यूयॉर्कला ऑफिसच्या बाजूला असेन त्यामुळे वर्ल्ड ट्रेडहून पाथ ट्रेन. निनाद तू जर्सी सिटीत ग्रोव्ह स्ट्रीटलाच चढशील ना

निनाद: हो. पहिल्या डब्यात बस. पाथ न्यूअर्कलाच संपते त्यामुळे आपल्याला झोप लागली तरी चालेल, आणि रात्रभर चालू असते, शेवटची गाडी चुकायची भीती नाही

मीनल: आमच्याकडे तेवढं सुख नाही. रात्री आमच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइनच्या गाड्या विरळ होत जातात, एक चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर पोरांना घेऊन

वैशालीकाकू: मीनल मला एक सांग, आम्ही खरंच ट्रेनने यायचं म्हटलं तर? यांना मी बघते

मीनल: काकू तुम्हाला मॉरिसटाउन लाइन पडेल, आणि त्या गाड्या न्यूअर्क पेनला येतच नाहीत, त्या न्यूअर्क ब्रॉड स्ट्रीटला थांबतात. ते वेगळं स्टेशन. तिथून अरीना मैलभर तरी आहे, किंवा मग लाईट रेल पकडून पेन स्टेशनला यायचं आणि तिथून परत चालायचं. म्हणजे आजीला तीनदा चढउतार

वैशालीकाकू: नको गं बाई. गुडघे आधीच बोलतायत त्यांचे

सुधीरकाका: झालं ना मग

शिल्पा: एक मिनिट, आता सगळे नीट वाचा कारण हे मी भोगलंय. न्यूअर्क नावाची स्टेशनं एक नाही. न्यूअर्क पेन, न्यूअर्क ब्रॉड स्ट्रीट, न्यूअर्क एअरपोर्ट, आणि वर न्यूयॉर्क पेन, जे कंडक्टरच्या तोंडून अगदी न्यूअर्क पेनसारखंच ऐकू येतं. मी इथे आल्याआल्या एकदा ट्रेंटनहून येत होते, अर्धवट झोपेत न्यूअर्क ऐकलं, दार उघडलं, उतरले. एअरपोर्ट स्टेशन. तिथून तेव्हा रस्त्यावर जाताच येत नव्हतं, एअरट्रेनने टर्मिनलला जा नाहीतर पुढच्या गाडीची वाट बघा. चाकाच्या बॅगावाल्या लोकांमध्ये मी एकटी मोकळ्या हाताने उभी, एक बाई विचारते कुठे निघालीस, काय सांगू

मीनल: हाहा हे तू कधी सांगितलं नाहीस

शिल्पा: सांगण्यासारखं होतं का

रोहन: मग मीपण कबूल करून टाकतो. परत येताना न्यूअर्क पेनला आली ती गाडी पकडायची नाही. त्याच बाजूने कोस्ट लाइनपण जाते, राहवेपर्यंत दोन्ही सारख्याच, मग ती समुद्राकडे वळते. मी फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो, वर बघतो तर वुडब्रिज. उतरून उबर केली. मीनलला ट्रॅफिक होता म्हणून सांगितलं होतं

मीनल: ट्रेनला ट्रॅफिक???? मी तेव्हा विचारलं कसं नाही

रोहन: तर बोर्डवर ट्रेंटन किंवा जर्सी अॅव्हेन्यू लिहिलेलीच गाडी. रॅरिटन व्हॅली नाही, कोस्ट नाही. आणि लांब पल्ल्याची अॅमट्रॅक मेट्रोपार्कलाही थांबते आणि न्यूअर्कलाही, रिकामी दिसली म्हणून त्यात चढू नका, आपलं तिकीट त्यात चालत नाही

वैशालीकाकू: बापरे. आमची गाडीच बरी

मीनल: पोरांचं तिकीट नाही पडणार बरं का. शुक्रवारी संध्याकाळी ७ पासून सोमवारी पहाटेपर्यंत तिकीट काढलेल्या एका मोठ्या माणसाबरोबर अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट. म्हणजे दोघांचं तिकीट काढून चौघं जाणार येणार. आधी एनजे ट्रान्झिटच्या अॅपवर काढायचं, गाडीत काढलं तर वर पाच डॉलर लावतात. आणि चढायच्या आधी अॅक्टिव्हेट, नुसतं विकत घेऊन भागत नाही. आमच्या धाकटीला ते अॅक्टिव्हेट बटण दाबायला मिळतं म्हणूनच ती ट्रेनला तयार असते

निनाद: काका तुम्हालासुद्धा अर्धं तिकीट पडलं असतं, ६२ पासून मिळतं, वयाचा पुरावा दाखवला की

सुधीरकाका: मी काही म्हातारा झालेलो नाही

वैशालीकाकू: ६४

सुधीरकाका: ते बघू. आता गाडीचं बोला. हायवे २८० ने सरळ खाली, एवढंच आहे. ऑरेंजचा डोंगर उतरताना समोर न्यूयॉर्क दिसतं, आईला आवडेल, तिच्यासाठी तरी गाडीच

निनाद: ते मान्य. खरं सांगू काका, तुमच्या बाजूने येणाऱ्याला गाडी ठीकच आहे, आणि आजी बरोबर असताना तर गाडीच. माझं भांडण एवढंच की सगळ्यांनी पार्सिपनीला जमून गाडीने जायचं नाही. खालून येणाऱ्यांनी ट्रेन, नदीपलीकडून येणाऱ्यांनी पाथ, डोंगरावरून येणाऱ्यांनी गाडी

सुधीरकाका: डोंगरावरून म्हणे. बरं पार्किंग अरीनाच्या शेजारचं घेऊ ना?

निनाद: नको!! तीच तर चूक करतात सगळे. शेजारच्या डेकमध्ये आत जायला मजा येते, बाहेर पडताना पंधरा सोळा हजार माणसं एकदम सुटलेली असतात, समोर मॅकार्टर हायवे, म्हणायला हायवे पण प्रत्येक चौकात सिग्नल, आणि चालणारे लोक घोळक्याने स्टेशनकडे निघालेले असतात त्यांच्यासाठी पोलीस गाड्या अडवतात. तुम्हाला परत २८० लाच जायचंय तर अरीनापासून चार ब्लॉक दूर, उत्तरेकडचा लॉट आधीच बुक करा. आधी आजी आणि काकूंना दाराशी सोडा, मग एकटे जाऊन लावा

वैशालीकाकू: हे बरोबर आहे. मागे आपण त्या कार्यक्रमाला गेलो होतो तेव्हा डेकच्या चौथ्या मजल्यावरून खाली यायला पाऊण तास लागला होता. कार्यक्रमापेक्षा तो उतार जास्त लक्षात राहिलाय माझ्या

सुधीरकाका: पाऊण तास नव्हता

वैशालीकाकू: मी घड्याळ बघत होते

शिल्पा: बाबा जीपीएसला नुसतं एडिसन टाकू नका. अरीनाच्या बाजूच्या रस्त्याचं नाव एडिसन प्लेस आहे, तुम्ही आम्हाला एडिसन गावात शोधत बसाल

सुधीरकाका: मी इतकी वर्षं... जाऊ दे

मीनल: भेटायचं कुठे? आत गेल्यावर फोन लागेल न लागेल

निनाद: बाहेरच्या प्लाझात हॉकी खेळणाऱ्याचा मोठ्ठा स्टीलचा पुतळा आहे, चुकणं शक्य नाही. साडेसहाला पुतळ्याखाली. पण मीनल स्टेशनातून बाहेर पडताना बाजू बघ, मार्केट स्ट्रीटवर डाउनटाउनकडे. उलट्या बाजूने पडलात तर आयर्नबाउंड वस्तीत जाल, फेरी स्ट्रीटवर पोर्तुगीज हॉटेलांचे वास येतात आणि मग रोहन मॅचला येत नाही

रोहन: वाईट आहे का ते

मीनल: आपण लवकर निघून खाऊनच जाऊ मग. पाच वाजता

निनाद: आणि तिकिटं मी ज्याची त्याला ट्रान्सफर करतोय, प्रत्येकाने आत्ताच फोनच्या वॉलेटमध्ये घ्या. मी सगळ्यांची माझ्याच फोनमध्ये ठेवली आणि आमची पाथ लेट झाली तर तुम्ही सगळे पुतळ्याखाली गारठाल. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मोठ्या बॅगा पण नकोत, काकू तुमची ती डब्याची पिशवी घरीच

वैशालीकाकू: चार लाडू फक्त

निनाद: काकू

वैशालीकाकू: बरं गाडीत ठेवते

मीनल: संपते कधी? पोरांची झोप

निनाद: वीस वीस मिनिटांचे तीन पीरियड, ऐकायला तासाचा खेळ वाटतो पण घड्याळ थांबत थांबत आणि दोन मोठे ब्रेक धरून साडेनऊ होतातच. बरोबरी झाली तर पाच मिनिटं ओव्हरटाइम, मग शूटआउट. त्यामुळे साडेनऊची गाडी मनात धरू नका, त्याच्या पुढची धरा

सुधीरकाका: आम्ही पाच मिनिटं आधीच उठू. ट्रॅफिकच्या आधी बाहेर

निनाद: काका प्लीज असं करू नका

---

शनिवार

मीनल: मेट्रोपार्कला आहोत. लिफ्ट चालू आहे, म्हणजे आजीला आणता आलं असतं. अर्धा प्लॅटफॉर्म लाल जर्सीतला

शिल्पा: पाथमध्ये बसलो. पहिला डबा. निनादने डेव्हिल्सची टोपी घातलीय, मी लांब बसलेय

सुधीरकाका: २८० वर. आईला न्यूयॉर्क दिसलं. म्हणते एवढंसं?

रोहन: फेरी स्ट्रीट. कोळंबी. पोरं खूष

निनाद: दादा सव्वासहा झालेत

रोहन: बिल मागवलंय. आता स्टेशनच्या बोगद्यातून पलीकडे निघू

वैशालीकाकू: आम्ही पुतळ्याखाली. हे गाडी लावायला गेलेत ते वीस मिनिटं झाली

सुधीरकाका: चालत येतोय. लॉट चांगला मिळाला. लांब आहे पण

---

मीनल: काका कुठे आहात? उठून गेलात का खरंच??

शिल्पा: गेले. २-२ असताना गेले. दोन मिनिटं राहिली होती

निनाद: ओव्हरटाइम झाला, शूटआउट झालं, अख्खं अरीना उभं होतं, माझा घसा बसलाय, आणि खालच्या रांगेत मधोमध तीन खुर्च्या रिकाम्या

मीनल: आम्ही स्टेशनात. रोहन बोर्डसमोर उभा राहून ट्रेंटन ट्रेंटन म्हणतोय, धाकटी त्याच्या खांद्यावर झोपलीय. अॅक्टिव्हेट मीच केलं

सुधीरकाका: आम्ही लॉटच्या बाहेर पडलो पण सिग्नलला अडकलो. पोलीस चालणाऱ्यांनाच सोडतोय मघापासून. संपतच नाहीत माणसं

निनाद: काका तुम्ही तर पाच मिनिटं आधी निघाला होतात

वैशालीकाकू: आईंना चालायला वेळ लागला, मग यांना लॉट सापडेना. दोन चौक उलटे गेलो. निनाद तू म्हणालास तसा चार ब्लॉक लांब घेतला खरा पण अंधारात सगळे ब्लॉक सारखेच दिसतात

निनाद: फोटो काढून ठेवायचा ना पाटीचा

सुधीरकाका: काढला होता. पाटीवर फक्त पार्किंग लिहिलंय

मीनल: ट्रेन आली. ट्रेंटनचीच

शिल्पा: मी घरी पोचले, चहा टाकला

सुधीरकाका: २८० ला लागलो

वैशालीकाकू: आई मागे बसून लाडू खातायत आणि विचारतायत की मग जिंकलं कोण, मी यांना विचारलं तर हे म्हणतात रस्त्याकडे बघू दे