टर्बाइनमधून निघालेली वाफ थंड का करावी लागते?

निपाणीकर:
आमच्या निपाणी-चिकोडी भागातील साखर कारखान्यांत बगॅस (रस काढलेल्या उसाची चिपाडे) जाळून वीज तयार होते. तिथल्या यंत्रणेविषयी अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न इथे मांडतो. टर्बाइनमधून निघालेल्या वाफेची उष्णता कंडेन्सरमधल्या (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागातल्या) थंड पाण्याला देऊन टाकण्याऐवजी ती वाफ तशीच दाबून बॉयलरमध्ये परत का ढकलत नाहीत? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा पहिला नियम तर त्यामुळे मोडत नाही.

खानापूरकर:
पहिला मोडत नाही. आड येतो तो उष्मागतिकीचा दुसरा नियम. 100 अंश सेल्सिअसच्या एक किलो वाफेला वातावरणाच्या दाबाखाली सुमारे 1,670 लिटर जागा लागते, तर तिचेच पाणी झाल्यावर जेमतेम एक लिटर. वाफ बॉयलरच्या दाबापर्यंत पुन्हा दाबायची म्हटली, तर टर्बाइनने दिलेले सगळे काम, आणि घर्षण धरता त्याहूनही अधिक, परत करावे लागते. पाणी ढकलायला मात्र पंपाला त्याचा अल्पसा अंश पुरतो.

फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी 1824 मध्येच दाखवले होते की इंजिनाला गरम आणि थंड अशी दोन्ही ठिकाणे लागतात. (उष्णता हा एक अविनाशी द्रव आहे असे गृहीत धरूनही त्यांचा निष्कर्ष टिकला, याचे मला नेहमी नवल वाटते.) समजा, 540 अंशांवर, म्हणजे 813 केल्विनवर, 100 एकक उष्णता घेतली. तिच्यासोबत 100 भागिले 813, म्हणजे 0.123 एकक एन्ट्रॉपी (उष्णता भागिले केल्विनमधले तापमान हे माप; दुसऱ्या नियमानुसार ते एकूण कधी घटत नाही) आत येते. चक्र पूर्ण होण्यासाठी ती बाहेर टाकावीच लागते आणि 45 अंशांच्या, म्हणजे 318 केल्विनच्या कंडेन्सरमध्ये त्यासाठी किमान 39 एकक उष्णता सोडावी लागते. उरलेली 61 ही कामाची कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात ती गाठली जात नाही, कारण बॉयलरमधले पाणी बरीचशी उष्णता 540 पेक्षा पुष्कळ कमी तापमानावर घेते.

उद्यमबाग:
साखर कारखान्यात गाळप चालू असताना पुष्कळशी वाफ कंडेन्सरकडे जातच नाही. ती साधारण 120 ते 130 अंशांवर बाहेर काढून तिच्यावर उसाचा रस आटवतात. थंड टोक 127 अंशांवर, म्हणजे 400 केल्विनवर धरले, तर वरच्या हिशेबातील 61 ची मर्यादा 51 वर येते. वीज घटते, परंतु सोडलेली उष्णता साखरेच्या कामी येते.

निपाणीकर:
मग हंगाम संपल्यावर साठवलेल्या बगॅसवर वीज करायची तर कंडेन्सर लागणारच?

उद्यमबाग:
होय, कारण तेव्हा ती उष्णता घ्यायला रस नसतो. शिवाय उन्हाळ्यात कंडेन्सरचे पाणी निववणाऱ्या कूलिंग टॉवरचे पाणीही पुरेसे थंड होत नसल्याने तेवढ्याच बगॅसवर वीज थोडी कमीच मिळते.