देव्हारा, मतपेटी आणि आपले घर : अनुभव धागा

पुरंदर तालुक्यातल्या आमच्या घरी वडील आणि चुलते ह्यांची जमीन एक, विहीर एक, आणि १९९९ पासून पक्षही एकच, राष्ट्रवादी काँग्रेस, होता. २ जुलै २०२३ रोजी तो पक्ष दुभंगला आणि त्या संध्याकाळी ओसरीवर जे बोलणे सुरू झाले, ते अर्ध्यातच थांबले. ७ मे २०२४ रोजी बारामती मतदारसंघात त्या पक्षाच्या दोन गटांकडून सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, समोरासमोर उभ्या होत्या. एरवी एकाच मोटरसायकलवरून मतदानाला जाणारे आमचे दोघे त्या दिवशी वेगवेगळ्या वाटांनी शाळेवर पोहोचले. आमच्या घरात आज दोन मते आहेत आणि दोन्ही गप्प आहेत.

म्हणून हे निमंत्रण. श्रद्धा किंवा राजकारण ह्यांविषयी आपल्या घरात उघड बोलणे कसे झाले, अथवा होता होता कसे फिसकटले, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनी लिहावे. कोणाचे मत बरोबर होते ह्याचा निवाडा नको. कोण कुठे बसले होते, नेमका कोणता शब्द लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणी ठेवला, हे वाचायला मला आवडेल.

ठाणे, शिक्षिका

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो आहे ही बातमी आमच्या चाळीत फोन असलेल्या एकमेव बिऱ्हाडातून सकाळीच पसरली. आजीने देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा टेकवला, दूध खरोखरच कमी झाले, आणि दुपारपर्यंत आमच्या दारात चपलांचा ढीग लागला.

बाबा भौतिकशास्त्र शिकवत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पायही धुतले नाहीत. दुधात चिमूटभर कुंकू कालवले, चमचा पुन्हा सोंडेला लावला, आणि लाल ओघळ सोंडेवरून पोटावर व पोटावरून पाटावर कसा उतरतो, ते जमलेल्या साऱ्या बायकांना बोट ठेवून दाखवले. चमचा काठोकाठ भरलेला असला, की पृष्ठताणामुळे दूध धातूकडे ओढले जाते आणि इतक्या पातळ थराने खाली येते की सहसा नजरेत भरत नाही, हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बायका एकेक करून उठल्या. आजी रात्री जेवली नाही, आणि त्यानंतर बाबा घरात असताना तिने कधी पोथी उघडली नाही.

तेरा वर्षांनी, ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा, तिने मला सांगितले, “पाट ओला होत होता, तो सकाळपासून मीच दोनदा पुसला होता. मला काय दिसत नव्हतं? पण चार बायकांसमोर आईला खोटं पाडायचं, तेही पाय न धुता देवाला हात लावून?” हे मी बाबांपर्यंत पोहोचवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पाय धुतले नव्हते, हे मात्र खरं.”

नागपूर, निवृत्त बँक कर्मचारी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेण्यासाठी माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून नागपूरला आले होते. परतल्यावर घरातले देव वैनगंगेत सोडले गेले. ते गाठोडे आजीने स्वतःच्या हाताने बांधले होते, हे ती अभिमानाने सांगत असे. बावीस प्रतिज्ञा वडिलांनी आम्हां भावंडांकडून शुद्धलेखनासारख्या लिहून घेतल्या होत्या.

मला गोवर निघाला तेव्हा आजीने माझ्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला. वडील चळवळीतले असल्यामुळे त्यांना हे ‘देवी येण्या’च्या जुन्या समजुतीकडे परत जाणे वाटले, आणि त्यांनी तो उचलून अंगणात फेकला. आजी म्हणाली, “बाबासाहेबांनी देव सोडाले सांगतलं होतं, लिंब सोडाले नाही.” वडिलांनी प्रतिज्ञांचा कागद आणला आणि पहिलीपासून बाविसावीपर्यंत सगळ्या मोठ्याने वाचल्या. अक्षरओळख नसलेल्या आजीने त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या आणि विचारले, “आता ह्यात लिंब कुठी आला ते सांग.” तेव्हापासून आमच्याकडे रिवाजच पडला, की ज्याला आक्षेप घ्यायचा असेल त्याने मूळ मजकूर पूर्ण वाचून दाखवायचा. पुढे मी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला निघालो, तेव्हा वडिलांना ते पळवाटेसारखे वाटले आणि त्या रिवाजानुसार त्यांनी मला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथातली पानेच्या पाने ऐकवली. मी गेलो, पण ऐकून गेलो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात आमच्या लोकांची घरे जळाली, त्या दिवसांत आमच्याकडे कसलीच चर्चा झाली नाही. रेडिओ लावला जाई, बातम्या संपल्या की बंद केला जाई. गप्प असलेल्या प्रत्येक घरात भांडणच असते असे नाही, हे निमंत्रकांनी ध्यानात घ्यावे.

फोंडा, दुकानदार

गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची निशाणी फूल होती आणि वेगळे राहण्याची दोन पाने. माझे आजोबा फुलाचे, त्यांचे धाकटे भाऊ दोन पानांचे. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी नाकारले गेले, आणि आमच्या घरात तो हिशेब पुढची वीस वर्षे चालू राहिला. आजोबा मराठीची बाजू कोंकणीतून मांडत, तर कोंकणी ही स्वतंत्र भाषा आहे असे ठासून सांगणारे धाकटे आजोबा आरत्या मराठीत म्हणत, तेही सर्वांत मोठ्या आवाजात. ही विसंगती त्यांनी एकमेकांच्या नजरेस आणून दिली नाही असा दिवस विरळाच.

चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी बांधायची असे. एकाने शिडीवर उभे राहून नारळ, सुपारीचे घोस आणि रानातली फळे लाकडी चौकटीला बांधायची, दुसऱ्याने खालून एकेक वर द्यायचे. शिडीवर असणाऱ्याशी वाद घालायचा नाही, हा आजीचा दंडक होता, कारण शिडी जुनी होती. खाली उतरले की दोघे मोकळे. १९८६ मध्ये भाषेचे आंदोलन पेटले त्या वर्षी धाकटे आजोबा चतुर्थीला आले नाहीत. माटोळी माझ्या वडिलांनी बांधली, आणि ती वाकडी झाली.

नाशिक

वडील समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाचे, मामा संघाचे. आणीबाणीत दोघेही मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, आत होते, तेही एकाच तुरुंगात, आणि वडिलांच्या पत्रांत मामांच्या पत्त्यांच्या डावांचे कौतुक असे. १९७७ मध्ये सुटल्यावर दोघांनी एकाच, जनता पक्षाचा प्रचार केला. दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे पक्षात असताना संघातही राहता येते का ह्याचा, वाद निघाला आणि मामांचे आमच्याकडे येणे थांबले. आई म्हणे, “ह्यांना एका बराकीत ठेवलं की गोडीनं राहतात.”

अहिल्यानगर जिल्हा, आधी सून, आता सासू

वरचे सगळे वाचले. ठाण्याच्या आजी सोडल्या तर बहुतेक ठिकाणी बोलणारे पुरुष आहेत, आणि नियम घालणारी किंवा टोमणा मारणारी बाई आहे. आमच्याकडे सासरे, दीर आणि मालक दिवाणखान्यात देशाचे प्रश्न सोडवीत, तेव्हा मी तीन वेळा चहाचा ट्रे घेऊन आत गेलेली असे. मला कोणी कधी ‘तुझं काय मत’ असे विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी खरे सांगितले नसते, कारण खऱ्या मताची किंमत मला स्वयंपाकघरात मोजावी लागली असती. मतदानाच्या आदल्या रात्री मालक चिन्ह सांगत. मी मान हलवी. शिक्का मारायचे दिवस होते तेव्हापासून आजपर्यंत त्या चिन्हावर मी एकदाही मत दिलेले नाही, आणि हे मी प्रथमच लिहीत आहे. देवाचेही तसेच. चतुर्थीचे उपास मी १९९१ साली मनातून सोडले. साबुदाण्याची खिचडी मात्र आजही माझ्याच हातची लागते. माझ्या सुनेने परवा सरळ सांगितले की ती उपास करणार नाही. मला बरे वाटले, आणि रागही आला. कशाचा, ते अजून ठरलेले नाही.

निमंत्रक

हा शेवटचा अनुभव मी काल रात्री आईला वाचून दाखवला. तिने तो दुसऱ्यांदा वाचायला सांगितला, मग काही न बोलता चष्मा काढून ठेवला आणि विरजण लावायला उठली. आमच्या घरात दोन मते आहेत, असे मी सुरुवातीला लिहिले होते. मतदार यादीत आमची नऊ नावे आहेत.