मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या आईला लग्नाच्या एसी हॉलमध्ये न्यावे का?

मुलुंडची_लेक:
नमस्कार. माझ्या आईचे वय ६३ असून चार वर्षांपूर्वी तिचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोज चालू आहेत. पुढील महिन्यात दादरला माझ्या मामेभावाचे लग्न आहे. हॉल पहिल्या मजल्यावर, पूर्ण एसी, आणि पाहुणे चारशेच्या आसपास. मामांकडे सगळ्यांचे म्हणणे एकच, की कोविड केव्हाच संपला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले हे मलाही माहीत आहे, पण त्यामुळे विषाणू नाहीसा झाला असे होत नाही, आणि लशीचे डोस घेऊनही अशा औषधांमुळे शरीराचा प्रतिसाद कमकुवत राहतो, हे आम्हाला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आईला जायची फार इच्छा आहे, शेवटी ती मुलाची आत्या आहे. शिवाय दर महिन्याला तपासणीसाठी लोकलने परळलाही जावे लागते. धोक्याचा अंदाज नेमका कशावरून बांधावा?

खिडकी_उघडा:
मी वातानुकूलन यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे हवेपुरतेच सांगतो. हॉल थंड आहे म्हणजे तेथील हवा ताजी आहे, हा समज प्रथम काढून टाकावा. भिंतीवरचा स्प्लिट किंवा छतातला कॅसेट एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. मोठ्या हॉलमध्ये बाहेरची हवा आत घेणारा वेगळा पंखा असतो, पण वीजबिलाच्या भीतीने तो बंद ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. तेव्हा व्यवस्थापकाला ‘एसी आहे का’ असे न विचारता ‘फ्रेश एअरचा पंखा कार्यक्रमभर चालू राहील का’ असे विचारा.

अंदाजासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर घ्यावा, कारण हा वायू आपल्या उच्छ्वासातून हवेत साठत जातो. मात्र तो एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा असावा, कारण फार स्वस्त मीटर नुसतेच आकडे दाखवतात. उघड्यावर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दिसते. बंद जागेत १२०० दिसले, तर आपण घेत असलेल्या हवेपैकी सुमारे दोन टक्के हवा दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून येऊन गेलेली आहे. ८०० च्या आत असेल तर वायुवीजन बरे म्हणावे. परंतु शेजारी बसून बोलणाऱ्याचा श्वास थेट तोंडावर येतो, आणि तो धोका मीटर सांगत नाही. तसेच एअर प्युरिफायर लावल्यावर विषाणू कमी होतात, पण मीटरवरचा आकडा हलत नाही.

लोकलचेही हेच गणित आहे. धावत्या साध्या लोकलमध्ये दारेखिडक्यांतून हवा भरपूर खेळते, पण गर्दीच्या वेळी माणूस माणसाला चिकटलेला असतो. शक्य असेल तर तपासणीची वेळ दुपारची मागून घ्या आणि आईंना खिडकीशी बसवा. सॅनिटायझरच्या बाटल्यांवर आपण जेवढा खर्च केला, त्याच्या निम्मा जरी एक्झॉस्ट पंख्यांवर केला असता, तर... असो.

दुसरा_डाव:
ताई, माझेही प्रत्यारोपण झाले आहे, म्हणून अनुभवाचे सांगतो. मास्क एन ९५च असावा आणि पट्ट्या डोक्यामागे बांधायच्या असाव्यात. कानात अडकवायचे बहुधा सैल बसतात. नाकावरची पट्टी दाबून जोरात श्वास सोडावा. चष्म्यावर वाफ आली, तर हवा वरून निसटते आहे असे समजावे. जेवताना मात्र मास्क काढावाच लागतो, म्हणून मी लग्नाला घरून जेवून जातो, मंगलाष्टके आणि अक्षता झाल्या की वधूवरांना भेटतो आणि पंगतीच्या आधी निघतो. पहिल्या वेळी लोक रागावले, आता सवय झाली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, संसर्ग झालाच तर काय करायचे हे आईच्या नेफ्रॉलॉजिस्टकडून (मूत्रपिंडतज्ज्ञांकडून) आजच लिहून घ्या. निर्माट्रेल्विर-रिटोनाविर या कोविडवरच्या गोळ्या लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात, पण रिटोनाविरमुळे रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक इतकी वाढते. बाहेरच्या डॉक्टरांनी हे न तपासता गोळ्या लिहून दिल्या, तर नव्या मूत्रपिंडावरच बेतू शकते. रेमडेसिविर या विषाणूविरोधी औषधाची तीन दिवसांची सलाइन हा दुसरा मार्ग आहे, तोही विचारून ठेवा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर देऊ नका. प्रेडनिसोलोनमुळे ताप दबून राहू शकतो, त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नका. घसा नुसता खवखवला तरी चाचणी करावी, आणि घरची रॅपिड चाचणी निगेटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा करावी.

मुलुंडची_लेक:
दोघांचेही मनापासून आभार. मीटर घेऊन काल त्याच हॉलमधल्या एका साखरपुड्याला डोकावून आले. सुरुवातीला ६४० होते, जेवणाच्या सुमारास १३८० झाले. जिन्याबाहेरच्या उघड्या गच्चीवर ४५०. फ्रेश एअरच्या पंख्याविषयी विचारले, तर व्यवस्थापक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, ते बटण कुठे आहे ते इलेक्ट्रिशियनलाच माहीत.” डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे, गोळ्यांचे तेव्हाच लिहून घेईन. आईशी बोलून असे ठरवले आहे की ती मास्क लावून फक्त अक्षतांपुरती येईल, दाराजवळच्या खुर्चीवर बसेल, आणि केळवण आमच्या इमारतीच्या गच्चीवर, आठ-दहा माणसांत करायचे. सर्दी असलेल्याने त्या दिवशी येऊ नये, हे मामांना आईने स्वतः फोन करून सांगितले. आळूवड्यांचे उंडे आदल्या रात्री कोण वळणार, यावरून आता आमच्यात वाद चालू आहे.